अण्णांच्या फ्लेक्सवरची मोकळी जागा

तमाम देवगाव रंगारीकरांना, तसंच गाव सोडून वाळूज-पुण्याला पांगलेल्या मंडळींना जाहीर कळवण्यात येतं, की चाळिशी उलटल्यावर प्रस्तुत पेंटर विद्यापीठात ग्राफिक डिझाईन शिकतो आहे. कृपया आधी हसून घ्यावं. मग पुढं वाचावं.

गावोगाव फ्लेक्स आले आणि बोर्ड रंगवणारा माझा ब्रश वाळला, हे तुम्हांला ठाऊकच आहे. निघालो त्या सकाळी एसटी स्टँडवर अण्णा, म्हणजे माझे वडील, माझी वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन उभे. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, “पोरांमधी म्हातारा दिसू नको. दाढी करीत जा.” निरोपाचा एवढा मोठा प्रसंग, आणि माणसानं दाढीवर घालवला!

बजाजनगरात खोली घेतली. सकाळी शिफ्टच्या बसमधून कामगार उतरायचे आणि मी दप्तर घेऊन निघायचो. वर्गातली पोरं मला काका म्हणू लागली, मी फॉन्ट, ग्रिड, लेआउट म्हणू लागलो. गावात बोर्डाचा इंचही रिकामा ठेवला तर गिऱ्हाईक भांडायचं. इथं मॅडम म्हणाल्या, “काका, गर्दी काढा. मोकळी जागा सोडायला शिका.” शिकलो. लई मनापासून शिकलो.

दुसऱ्या वर्षी अण्णा गेले. अंत्यविधी उरकून कपडे न्यायला खोलीवर आलो, तोच धाकट्याचा फोन. “भाऊ, दहाव्याला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाय. घरात डिझायनर असताना बाहेर कशाला द्यायचा?”

बसलो कॉम्प्युटरपुढं. अण्णांचा एकट्याचा फोटोच नव्हता, कुणाच्या तरी लग्नातला घेतला. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो पुसला. फोटोची कड कापताना कानामागचे पांढरे केस नीट सुटतात का, एवढंच बघत होतो. रडू येईल म्हणून मधे थांबलोही, चहा पिऊन पाहिला. काही नाही. बोटं चालत होती, बाकी सगळा माणूस सुन्न. नाव बारीक, देखण्या अक्षरांत टाकलं. खाली शोकाकुल मंडळींची रांग असते ना, मुलं, सुना, जावई, मित्रमंडळ, सगळे पासपोर्ट फोटोंसकट? ती पूर्ण काढली. पांढऱ्याशुभ्र जागेत एकटे अण्णा. वर्गात टाळ्या पडल्या असत्या.

दहाव्याच्या सकाळी घरासमोरच्या चौकात फ्लेक्स चढला. मी शेजारी उभा, जरा ऐटीतच. काका, मामा, मेहुणे फ्लेक्सच्या खालच्या कडेशी आपापलं नाव शोधत राहिले. आता गाव म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मला ती खालची रांगच दिसते.

तेवढ्यात माय उंबऱ्यापर्यंत आली. तिला वाचता येत नाही, पण माणसं ओळखू येतात. तिनं फ्लेक्सकडं बराच वेळ पाहिलं आणि भर चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलून गेली, “आरं, ह्यांच्यामागं रडायला कुणीच नाय व्हय रं?”