कोपऱ्यातला नकाशा

नागनाथ बैसाणे बमरोलीच्या एका कापड कारखान्यात लूमचे, म्हणजे विणाईच्या यंत्रांचे, मास्टर. सव्वीस वर्षांपूर्वी अमळनेरहून हेल्पर म्हणून आले आणि नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखायला शिकले. चाळीस लूम धडधडत असताना चहा पिता पिता सांगायचे, "सतरा नंबरचा पट्टा सैल झालाय," आणि तो सैलच निघायचा.

त्यांची लेक चैताली त्याच शहरात पर्वत पाटियाजवळच्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेम बनवते. एका मोठ्या खोऱ्यात हवं तिथे भटकायचं आणि डोंगरापलीकडचं गाव गाठायचं, असा तो गेम. पण खेळून बघायला येणारी मुलं तासाभरात कंटाळून उठत. कारण कुणालाच कळेना. शेवटी चैतालीने एका सुट्टीच्या दिवशी वडिलांनाच ऑफिसात आणून बसवलं. आयुष्यात त्यांनी गेम खेळला नव्हता.

पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा, वर अंतराचे आकडे, डावीकडे किती जीव उरलाय ते दाखवणारी लाल पट्टी, मध्ये पिवळा बाण. नागनाथांनी बाणामागे माणूस चालवला आणि पंधरा मिनिटांत गावात नेऊन उभा केला.

"पप्पा, रस्त्यात काय काय दिसलं?"

"बाण दिसला."

"आणि नदी?"

"नदी होती का?"

खोलीत कुणी हसलं नाही. ती नदी करायला चैतालीला पाच महिने लागले होते.

तिने पडद्यावरचा नकाशा, आकडे, पट्टी, बाण, सगळं पुसून गेम पुन्हा सुरू केला. आता नागनाथ बावरले. दोनदा वाट चुकले, एकदा दरीत पडले, वैतागून उठायलाही निघाले. तेवढ्यात ते थबकले. "डाव्या कानात पाणी वाजतंय. पाणी आहे तिथे वस्ती असणार." काठाकाठाने चालत पाऊण तासाने त्यांनी गाव गाठलं. मग आपणहून सांगत सुटले: बाजारातली मिरच्यावाली, पुलावरचं लंगडं कुत्रं, पाण्यातली सावली.

"पण एक चुकलं बरं का," ते म्हणाले. "दरीत पडल्यावर हा मरायला टेकला होता, ते मला कळलंच नाही."

कंपनीचा मालक योगेंद्र पुढे सरकला. "काका, मग लाल पट्टी परत आणू?"

"नको. आमच्या प्रत्येक लूमवर एक दिवा असतो. धागा तुटला की पेटतो, एरवी बंद. सारखा पेटलेला असता तर आम्ही दिव्याकडेच बघत बसलो असतो. कापड कुणी बघितलं असतं?"

चैतालीने वहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. पुढचे चार महिने टीम त्यावरच राबली. नकाशा आता प्रवासी थांबून झोळीतून काढेल तेव्हाच दिसतो. दुखापत झाली की तो लंगडतो, धापा टाकतो. जीव जायची वेळ आली तरच पडद्याच्या कडा लाल होतात. काहींना बाणाशिवाय जमेना, त्यांच्यासाठी तो चालू करायची सोय ठेवली. पण बहुतेकांनी बाण मागितलाच नाही. तासाभरात उठणारी मुलं आता उठवावी लागत.

गेम बाहेर पडला तेव्हा शेवटी येणाऱ्या नावांमध्ये एक ओळ होती: 'मार्गदर्शन: नागनाथ बैसाणे, लूम मास्टर, बमरोली.' चंद्रभागाबाईंनी, चैतालीच्या आईने, ती नवऱ्याकडून तीनदा वाचून घेतली.

दुसऱ्या दिवशी नागनाथांनी त्या ओळीचा फोनमधला फोटो कारखान्यातल्या लक्ष्मणला दाखवला.

"मास्टर, तुम्हाला गेम येतो?"

"मला कुठला? पोरीला येतो. तिने विचारलं, मी सांगितलं."

मग ते एकेका लूमपाशी गेले. यंत्रांच्या खडखडाटात कुणाला धड ऐकू जाईना, तर प्रत्येकाच्या कानाशी ओरडून सांगत होते, "चैताली! माझी लेक!"