आत्ताच धुतलीये

गाडी धुण्याच्या बाबतीत मी जरा वेडाच आहे. रविवारी सकाळी शिरूरमधल्या आमच्या गल्लीत कुणी मटणाच्या दुकानापुढं उभं असतं, कुणी अंथरुणात लोळत असतं आणि मी अर्धी चड्डी घालून पोर्चमध्ये टायरच्या खाचेतली माती जुन्या टूथब्रशनं काढत असतो. बायको म्हणते, स्वतःचे दात कधी एवढे घासले असते तर दाताच्या डॉक्टरची पायरी चढावी लागली नसती. म्हणू दे. घराण्यातली ही पहिली चारचाकी. वडिलांनी जन्मभर सायकल वापरली आणि तीही सेकंडहँड, तेव्हा माझ्या वेडाला थोडी सूट मिळायला हरकत नाही, असं मी स्वतःला समजावत आलोय.

धुण्याची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी टपावरून नुसतं पाणी सोडायचं आणि धूळ भिजू द्यायची. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की ओरखडे पडलेच म्हणून समजा. मग फेस, वरून खाली. चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांची बादली वेगळी. पण हे सगळं सोपं. खरं काम त्यानंतरचं, पुसण्याचं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे, की ते अंगावरच सुकलं तर पांढरे डाग पडतात. गाडी गडद निळी, त्यामुळं डाग लांबूनसुद्धा दिसतात आणि एकदा बसले की हलत नाहीत. म्हणून ऊन पोर्चमध्ये शिरायच्या आत गाडी कोरडीठाक करायची घाई असते. दुकानातून आणलेली ती रंगीबेरंगी, लव असलेली फडकी चार धुण्यांत कडक झाली आणि काचेवर तंतू सोडायला लागली. चांगलं फडकं मिळत नाही, ही त्या काळातली माझी सगळ्यात मोठी तक्रार होती.

आई आमच्याकडं राहायला आली ती वडील गेल्यावर. आली म्हणणंही बरोबर नाही. मी तिला आणली. वडील दौंडला रेल्वेत खलाशी होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी तिथंच, कॉलनीच्या मागं, दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. ते गेले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाव्हणे पांगले. मी आईची एक पत्र्याची ट्रंक आणि एक पिशवी डिकीत टाकली, घर ओळखीतल्या कुटुंबाला भाड्यानं दिलं आणि तिला मागच्या सीटवर बसवून शिरूर गाठलं. सगळे म्हणाले, पोरगा असावा तर असा. मलाही तसंच वाटत होतं.

दौंडला तिचा रविवार विहारात जायचा. सकाळी दहाला वंदना असे. सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून यायच्या आणि त्यांच्या पुढं आई बसायची. तिला लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण वंदना सगळी तोंडपाठ. आधी ती म्हणायची आणि मग बाकीच्या तिच्यामागून. कुणाच्याही घरी कार्यक्रम असला तरी वंदनेसाठी तिलाच पुढं करायचे, इतका तिचा आवाज पक्का. शिरूरलाही विहार आहे आणि मी तिला तिथं नेऊन सोडलं होतं. तिथल्या बायका भल्या. त्यांनी तिला खुर्ची दिली, आपुलकीनं चौकशी केली. पण दोनदा जाऊन ती थांबली. पाव्हणी होऊन किती दिवस बसायचं, असं काहीतरी बायकोजवळ म्हणाली होती. मी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

सुरुवातीच्या रविवारी ती लवकर अंघोळ करून, वेणी घालून, पांढरी साडी नेसून पोर्चमधल्या खुर्चीवर येऊन बसायची. मांडीवर कापडी पिशवी असायची. मला वाटायचं, म्हातारीला करमत नाही, म्हणून गाडी धुताना बघायला येते. धुतली व्हय गाडी, असं विचारायची. मी कौतुकानं सांगायचो, बघ, भांग पाडता येईल अशी चकाचक झालीये. ती मान हलवायची, थोडा वेळ बसायची आणि आत जायची. एवढं सजून कुणी गाडी धुताना बघायला बसत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

एकदा तिनं सरळ विचारलं, दौंडला जाऊन यायचं का.

"आत्ताच धुतलीये गं आई," मी म्हणालो. "निमोण्याच्या पुढं रस्ता उकरून ठेवलाय. सगळी मेहनत मातीत जाईल. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गाडी धुतली. धुतलेली गाडी त्या दिवशी बाहेर काढायची नाही, हा माझा नियमच होता. बायकोला भाजी आणायची असली तरी मी तिला स्कूटरची किल्ली द्यायचो. बाकीचे सहा दिवस मी कारखान्यात आणि गाडी माझ्याबरोबर कारखान्याच्या पार्किंगमध्ये. म्हणजे आईला न्यायला एक रविवार आणि त्याच रविवारी गाडीचं सोवळं. एसटीनं जावं तर तिचे गुडघे पायरी चढू देत नाहीत. तिनं त्यानंतर आणखी एक-दोनदा विषय काढून पाहिला आणि मी तेच वाक्य तिच्या तोंडावर फेकलं. मग तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, रमली.

त्यातच एकदा नळीचं पाणी मारताना मी तिला म्हणालो होतो, पांढऱ्या साडीवर शिंतोडे उडतील, जरा लांब बस. पुढच्या खेपेला ती घरातली फुलाफुलांची साडी नेसून आली. पिशवीही नव्हती. मी मनात म्हणालो, चला, शहाणी झाली. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटते.

मग ते फडकं आलं. मी दुकानातल्या फडक्यांच्या नावानं बोटं मोडत होतो, तेव्हा आई आतून एक घडी घेऊन आली आणि म्हणाली, ती फडकी टाकून दे, ह्यानं पूस. पांढरंशुभ्र, वर्षानुवर्षं धुवून धुवून मऊ झालेलं सुती कापड. पाणी असं ओढून घ्यायचं, की एका हातात दार कोरडं. काचेवर एक तंतू नाही, डाग नाही. मी खुश. कुठून आणलं, कशाचं आहे, काही विचारलं नाही. आमच्या घरी जुन्या कापडांचा तोटा नव्हता, कशाचं तरी असेल. ते मळलं की ती दुसरं काढून द्यायची. हळूहळू तीही पुसायला लागली. मी टप आणि काचा घ्यायचो, ती स्टुलावर बसून दारांचा खालचा भाग आणि आरसे. कारखान्यात मी अभिमानानं सांगायचो, की आमचा माय-लेकाचा रविवार गाडी धुण्यात मजेत जातो.

या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मागचं दार पुसताना हाताला काहीतरी टोचल्यासारखं लागलं. कापड उलटून पाहिलं तर कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची छोटी फुली. दौंडच्या बायका मोठ्या कार्यक्रमांना बाहेरगावी एकत्र जायच्या, एकत्र मुक्काम करायच्या, दोरीवर सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या वाळत पडायच्या. कुणाची कोणती, ते कळावं म्हणून प्रत्येकीनं आपल्या पदराच्या कोपऱ्यात दोऱ्यानं खूण करून ठेवलेली असे. कुणाचा लाल ठिपका, कुणाची हिरवी रेघ. निळी फुली आईची. लहानपणी दोरीवरच्या साड्यांतून मीच तिची शोधून आणायचो.

"आई, ही तुझी विहारातली साडी ना?"

"व्हती."

"आणि फाडलीस? मला एकदा विचारायचं तरी."

ती आरसा पुसत होती. हात थांबला नाही, आवाजही चढला नाही.

"माझी साडी फाडायला तुला काय पुसायचं? मला दौंडावनं उचलून आणली, तवा तू मला पुसलं व्हतंस व्हय?"

आमच्या घरात विचारण्याला पुसणंच म्हणतात. मी पुण्याच्या कॉलेजात आणि नंतर कारखान्यात तो शब्द सोडून दिला होता. पुसणं म्हणजे माझ्या लेखी फक्त गाडी पुसणं उरलं होतं. आई पुढं एवढंच म्हणाली, आता कुठं नेसायच्या हायत, ठिवून पिवळ्या पडत्यात. त्यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो.

त्या दिवशी मी गाडी अर्धवट सोडली. बायकोला विचारलं तर तिला सगळं माहीत होतं. पहिली साडी फाडताना तिनं आईला अडवलं होतं, तर आई म्हणाली, त्याला चांगलं फडकं लागतंय. तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं, बायको म्हणाली. मी आत जाऊन ट्रंक उघडली. पांढरी साडी एकही नव्हती. पोर्चमध्ये दोरीवर त्यांचे तुकडे वाळत होते आणि दारावरचं पाणी सुकून डागांची रांगोळी झाली होती. ती मी तशीच राहू दिली.

पुढच्या रविवारी मी गाडीला हात लावला नाही. आईला म्हणालो, आवर, दौंडला जायचंय. तिनं आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बरं वाटत नाही का, असं विचारलं. मग आत जाऊन बराच वेळ ट्रंकेपाशी बसली आणि फिकट आभाळी रंगाची साडी नेसून बाहेर आली. त्यातल्या त्यात पांढऱ्याच्या जवळची तीच होती.

निमोण्याच्या पुढं रस्ता अजून तसाच होता. टँकरनं पाणी मारलेलं, लाल चिखल चाकांनी उडून काचेपर्यंत येत होता. खोटं कशाला बोलू, प्रत्येक खड्ड्याला माझा जीव बॉनेटवर जात होता. शेजारी आई बसलेली, किती दिवसांनी दौंडला निघालेली, आणि मी मडगार्डचा विचार करतोय. स्वतःची शरम वाटत होती आणि तरी विचार थांबत नव्हता. आईला मात्र कशाचं काही नव्हतं. भीमेचा पूल आला तशी ती काच खाली करून बसली.

आम्हाला उशीर झाला होता. वंदना सुरू झालेली होती. पुढं दुसरी बाई बसली होती, वयानं आईपेक्षा बरीच लहान, आणि चांगली म्हणत होती. सगळा पांढरा घोळका. आई दारातच घुटमळली, साडीचा पदर उगाच पुढं ओढून घेतला आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. एका बाईनं मागं वळून पाहिलं आणि सरकून जागा केली. आईचा आवाज मला बाहेर व्हरांड्यात ऐकू येत होता. पूर्वी तो सगळ्यांच्या पुढं असायचा, आज सगळ्यांच्या मागून येत होता. ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागून म्हणत होती.

वंदना संपल्यावर बायकांनी तिला गराडा घातला. आक्का, वाळलीस गं. आक्का, इतके दिवस कुठं होतीस. ती हसून सांगत होती, पोराला सवड नसती, लई काम असतं त्याला. मी तिथंच उभा होतो. कसलं काम, हे कुणी विचारू नये म्हणून मी चपला शोधत बसलो. मग ती एकीकडं जेवली, दुसरीकडं चहा प्यायली, आमच्या जुन्या घराच्या दारातूनही डोकावून आली. परतीच्या वाटेवर मात्र तिनं मला बोलूच दिलं नाही. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची बदली झाली, सगळं सांगत होती आणि सांगता सांगता झोपली.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गाडीचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. मी बायकोला चहा टाकायला सांगून हातपाय धुवायला आत गेलो आणि बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला.

आई पोर्चमध्ये होती. साडी बदललेली नव्हती, पदर खोचलेला, निऱ्या भिजून पायाला चिकटलेल्या. एका हातानं बॉनेटला धरून, गुडघा सावरत, ती तांब्यानं गाडीवर पाणी ओतत होती.

"आई, ठेव ते. दिवसभराची दमलीयेस, आत्ता कशाला?"

तिनं माझ्याकडं न बघता दुसरा तांब्या भरला.

"आज धुतली म्हंजी फुडल्या रविवारी तुला धुवाया लागायची न्हाई," ती म्हणाली. "मग नेशील ना?"

मी तिच्या हातातला तांब्या घ्यायला गेलो. तिनं तो सोडला नाही.