किसनमामांचा ट्रम्पेट थांबेचना

मंडळी, नेट कॅफेत बसून लिहून राहिलो, पण पाय अजून ताल धरूनच हायेत.

आज आखाडा बाळापुरात, तुरीच्या गोदामात, आमच्या पंक बँडची पहिली कॅसेट रेकॉर्ड केली. स्का, म्हंजे जमैकाकडचं नाचरं संगीत, वाजवायचं तर ट्रम्पेट पाहिजेच, म्हणून लग्नाच्या बँडमधले किसनमामा बोलावले.

पहिलं गाणं संपलं, आमी थांबलो. मामा थांबेचनात! मग आमीबी वाजवत त्यांच्या मागं पळालो. कॅसेटची चारही गाणी एका दमात झाली.

मी चिडलो, "मामा, काहून थांबले न्हाई?"

"नवरदेव मांडवात पोचल्याबिगर बँड थांबत नसतो, पोरा."

रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. गाणी तोडायला जागाच सापडत न्हाई.

तुमीच सांगा, हिंगोलीत आमच्या कॅसेटची ही वरात कुणाच्या मांडवात न्यायची?