बांधून ठेवलेला वारा

मी चौथी शिकलो. हुबळीजवळच्या अमरगोळच्या बाजारात मिरचीची पोती शिवण्यात जन्म गेला. यंत्राबद्दल लिहायला बसलोय ते शहाणपण दाखवायला नाही. आमच्या गच्चीवर हवामान मोजायचं एक यंत्र आहे, आणि त्याच्यापायी माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला कावळा शिवला नाही. तेवढंच सांगायचंय.

यंत्र पोरानं आणलं. पोरगा बेंगळूरला असतो. रात्री गाडीत बसलं की सकाळी हुबळी, एवढंच अंतर. ती दवाखान्यात होती तेव्हा तो फोनवर म्हणायचा, "आई, रविवारी येतो." त्याच्या शब्दावर तिनं तीन रविवार धरले. शेवटच्या दुपारी ती दाराकडंच बघत होती. मला बघवेना. मी म्हटलं, "गाडीत बसलाय तो. हावेरी सुटली, आलाच." बसला नव्हता. ती "हं" म्हणाली आणि तासाभरात गेली. ते खोटं माझं. पण बोलायला लावलं त्यानं.

मग आला. दहाव्याला पिंड ठेवला, पोरगा समोर उभा राहिला आणि कावळ्यानं लगेच चोच मारली. लोक म्हणाले, शांत झाली माउली. सगळं उरकल्यावर ह्याला ते यंत्र सुचलं. पांढरा खांब, त्यावर वाऱ्यानं फिरणाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवणारं शेपूट, पावसासाठी नरसाळं. गच्चीच्या ज्या कोपऱ्यात ती वाळवण घालायची, तिथंच रोवलं.

"अप्पा, हे इंटरनेटला जोडलं की मला तिथं बसून कळेल, घरी हवा कशी आहे."

"फोन कर की. मी सांगतो."

"तुम्ही नुसतं 'आहे' म्हणता. किती ते सांगत नाही."

जोडायचं काम अर्धवट टाकून तो गेला, सुट्टी संपली म्हणून. पुढचं खालच्या भाडेकरू अक्कांनी केलं. त्या बँकेत कामाला आहेत. तो व्हिडिओवरून सांगायचा, त्या दाबायच्या, मी जिन्यावर वर-खाली. वायफायचा पासवर्ड लागला. तो किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर तिच्या अक्षरात होता. वही शोधण्यात अर्धा दिवस गेला. मग दोन वेबसाइटी. तिथं नोंद करायची, एक नंबर मिळतो, किल्ली म्हणून अक्षरांची लांबलचक माळ मिळते, ती जशीच्या तशी भरायची. एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. शेवटी विचारलं, केंद्राचं नाव काय? मी म्हटलं, घर नंबर घाला. पोरगा म्हणाला, "आईचं नाव घाला."

घातलं. थोड्या वेळानं अक्कांनी नकाशा उघडला. देशपांडे नगरात एक टिंब, अळणावरच्या बाजूला एक, आणि एक आमच्या घरावर. हिरवंगार. त्याखाली तिचं नाव आणि नावापुढं 'चालू'.

"बघा अप्पा, आल्या!" अक्का खुशीत म्हणाल्या. बाई चांगल्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. मी चहा तसाच टाकून उठलो. जाऊन महिना झाला नव्हता तिला.

ती होती तेव्हा दर रविवारी पोराचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "आई, पाऊस आहे का?" तेवढ्या प्रश्नावर ती पाऊण तास काढायची. कुणाचे सांडगे भिजले, कुणाच्या भिंतीला ओल आली, शेजारीण छत्री विसरून कशी पळाली. मी बाजूला बसून ऐकायचो. यंत्र जोडलं आणि तो प्रश्नच गेला. आता म्हणायचा, "काल बरा झाला तिकडं पाऊस. गोळ्या घेता ना? बरं, ठेवतो." माझ्या दारातला पाऊस मलाच सांगायचा.

वर्षश्राद्धाला येतो म्हणाला होता. आदल्या संध्याकाळी फोन, "अप्पा, सुट्टी नाही मिळाली." दुसऱ्या दिवशी मीच बसलो. पोरगा असताना नवरा श्राद्धाला बसला हे भटजींनी मला चारदा ऐकवलं.

दुपारी पान गच्चीवर ठेवलं. भात, वरण, खीर, वडे, तिच्या आवडीची घोसाळ्याची भजी. आषाढातला आमच्याकडचा वारा माणसाला ढकलतो. एरवी रमतगमत फिरणाऱ्या वाट्या नुसत्या भिरभिरत होत्या. कावळे होते की! शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसले होते. एखादा खाली यायचा, वाट्या बघायचा, वळून परत टाकीवर. शेतात बुजगावणं लावतात, ते आम्ही आमच्या हातानं तिच्या पानाशेजारी लावून ठेवलं होतं.

खाली पाव्हणे उपाशी. भटजी कन्नडमध्ये म्हणत होते, "बरतैती, बरतैती." येईल, येईल. तास झाला. मेव्हणी माझ्याजवळ आली.

"दाजी, तिची काय इच्छा राहिली ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगा येणार आहे म्हणा मोठ्यानं. शिवतो का नाही बघा."

"यायचा नाही तो."

"म्हणायला काय जातंय तुमचं?"

"एकदा म्हटलंय."

तिला काही कळलं नाही. मी खाली जाऊन सुतळी आणली आणि स्टुलावर चढलो. "आता तुमचंबी श्राद्ध घालायला लावताय का?" म्हणून ती ओरडत होती. पोत्याच्या तोंडाला मारतात ती गाठ मारली. ओढली की आवळते, मग सहजी सुटत नाही. वाट्या थांबल्या.

दहा मिनिटं झाली नसतील, खिशातला फोन वाजला.

"अप्पा, वारा शून्य दाखवतोय. तुटलं का काही?"

"बांधलाय."

"काय बांधलंय?"

"वारा. तुझ्या आईचं पान ठेवलंय. कावळे भ्यायलेत."

आज कोणता दिवस ते त्याला ठाऊक होतं. तरी वाराच बघत बसला होता. मग आवाज बारीक करून म्हणाला, "शिवला?"

"नाही."

"फोन पानाजवळ धरा. मी सांगतो आईला. दिवाळीला येतो म्हणून."

मेव्हणी हातानं खुणा करत होती, धरा, धरा. मी धरला नाही. म्हटलं, "फोनवरचं तिनं पुष्कळ ऐकलंय," आणि बंद केला.

कावळा आला नाही. पान गाईला घातलं. पाव्हणे तीन वाजता जेवले. भजी गार झाली होती, पण कुणी नावं ठेवली नाहीत.

सुतळी मी सोडली नाही. पंधरा दिवसांनी वेबसाइटीकडून पोराला चिठ्ठी गेली, तुमच्या केंद्राचा वारा खरा दिसत नाही म्हणून. हिरवं टिंब राखाडी झालं. आता रविवारी फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य असतं, "अप्पा, वारा आहे का?"

"आहे."

"मग सुतळी सोडा की. नाहीतर नकाशावरून आईचं नाव काढून टाकतील. तुम्हाला जमत नसेल तर अक्कांना सांगा."

अक्कांना मी गच्चीवर जाऊ देत नाही. माझी बोटं आता वळत नाहीत हे खरं. विळीला लावली तर सुतळी एका दमात तुटेल हेही खरं. ते मी त्याला सांगत नाही.

"मला नाही सुटत," म्हणतो. "गाडीत बसलं की सकाळी हुबळी. ये आणि सोड."

"बघतो. पुढच्या रविवारी."

"बरं," म्हणतो आणि फोन ठेवतो. मी रविवार धरत नाही.