उत्तरेची भिंत

फिनबार गेरटी जन्मभर किलब्रॅकच्या पडक्या चर्चमध्ये कबरी खणत आला. सहाशे वर्षांच्या त्या चर्चचं छप्पर इंग्रज शिपायांनी कधीच जाळलं होतं, तरी आयर्लंडच्या त्या कोपऱ्यातली जुनी घराणी आपली माणसं आतच पुरायची. उत्तरेच्या भिंतीबाहेर मात्र बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं. डोक्यावर पाणी पडायच्या आत मेली, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांना ना प्रार्थना, ना नाव; उशाशी फक्त मुठीएवढा दगड.

ती भिंत बाहेर कलली होती. कुणी सांगितलं नसताना फिनबार दर उन्हाळ्यात तिच्या भेगा चुन्याने बुजवायचा.

"छप्पर नाही त्या घराची भिंत कसली लिंपतोस, येड्या?" शेजारचा मार्टी खिजवायचा.

"तुझं तोंड लिंपायला चुना उरत नाही, एवढंच दुःख आहे," फिनबार फटकारायचा.

म्हातारपणी हात थकले, तेव्हा त्याने भेगांत सिमेंट भरलं. एकदाच, पण पक्कं काम. चुन्यातून झिरपून जाणारं पाणी आता आतच कोंडलं, हिवाळ्यात गोठून फुगलं आणि जानेवारीतल्या एका सकाळी अख्खी भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली.

गाव जमलं. फादर डिलननी छातीवर क्रुसाची खूण केली. "देवाची कृपा! खाली कुणी नव्हतं."

फिनबार गुडघ्यांवर बसून दगड उपसत होता. त्याने मान वर केली नाही.

"होतं ना, फादर," तो म्हणाला. "माझी पोर होती."