पाण्याच्या नळीतला जंत

"हात दाखव," सर म्हणाले.

मीटिंग चालू होती. लॅबमधले सगळे टेबलाभोवती, शिवाय बाहेरून आलेले दोन पाहुणे. भिंतीवर आमच्या तपासणीचा फोटो. ज्या नळीत डीएनए असतो, तिच्या जागी त्यात रेघ उमटते. त्यात एक नळी नुसत्या पाण्याची होती. दर वेळी एक तशी ठेवतात, काम स्वच्छ झालं की नाही ते कळावं म्हणून. पाण्यात जंत नसतो, जंताचा डीएनए नसतो, त्यामुळे तिच्या जागी फोटोत काहीच दिसायला नको. पण रेघ दिसत होती. चांगली ठळक.

मी हात पुढे केले. का केले, आजही कळत नाही. शाळेतल्या मुलीसारखे पंजे उलटसुलट करून दाखवले. सरांनी माझे हात पाहिलेच नाहीत. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. म्हणाले, "बाहेरची घाण आत येते. काही सवयी शिकून जात नाहीत." मग माझ्याकडे वळून, "उद्यापासून आतल्या खोलीत यायचं नाही."

शेजारी केतकी बसली होती. माझ्याबरोबरच पीएचडीला लागलेली. तिने आपला चहाचा कप थोडासा पलीकडे सरकवला. नुसताच सरकवला असेल. की मुद्दाम? त्या कपाचा विचार मी अजून करते.

आमचं काम सांगते. नवी मुंबईच्या खाडीकाठी पक्षी मरून पडतात. पाणकावळे, बगळे, कधी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. बर्फाच्या पेटीतून ते आमच्याकडे येतात. त्यांची पोटं फाडून आतले गोलकृमी काढायचे. हे जंत दिसायला सारखेच, पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडले तरी पुष्कळदा दोन जाती वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून त्यांच्या डीएनएचा एक छोटा तुकडा घ्यायचा, मशीनमध्ये त्याच्या असंख्य प्रती काढायच्या, तो वाचून घ्यायचा आणि कुठल्या जातीशी जुळतो ते बघायचं. मला एका पाणकावळ्यात सापडलेला जंत कशाशीच जुळत नव्हता. कदाचित नवी जात. माझी सगळी पीएचडी त्या जंतावर उभी होती. पाण्याच्या नळीत रेघ आली म्हणजे तोही खोटा ठरणार, आणि त्याचा दोष द्यायला माझे हात तयारच होते.

लॅबला दोन खोल्या. आतली स्वच्छ, तिथे नळ्या भरायच्या. बाहेरच्या खोलीत मशीन, फोटो वगैरे. त्याच्याही मागे, गॅलरीत, पक्षी फाडायचं टेबल. नियम असा की आतून बाहेर खुशाल जा, बाहेरून आत जायचं तर कोट बदला, नवे हातमोजे घाला. नियम बरोबर आहे. मशीनमधल्या प्रतींचा एक शिंतोडा आत गेला तरी सगळं नासतं. माझा राग नियमावर नाही, तो कोणाला लागतो त्यावर आहे. सर दिवसभर दोन्ही खोल्यांत फिरायचे. एकाच कोटात. त्यांचे हात कोणी बघितले?

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं होतं, "जासईकडची का? मग पाटील असशील, नाहीतर म्हात्रे."

मी आडनाव सांगितलं. ते या दोन्हींतलं नव्हतं.

"अच्छा," ते म्हणाले. तो अच्छा जरा लांबला. दुसऱ्या दिवशी मला गॅलरीतलं टेबल मिळालं. पुढे काही पक्षी फाडून झाल्यावर एकदा मागे उभे राहून म्हणाले, "वा! हात बसलाय तुझा. हे रक्तातच असावं लागतं." मी खूश झाले. खरंच खूश झाले. घरी जाऊन सांगितलं.

आबा जेवत होते. कंटेनर यार्डात माल चढवायच्या-उतरवायच्या कामाला आहेत ते, दमून आलेले. घास हातातच राहिला.

"मेलेली पाखरा फारायची कामा तुलाच कशी देतान गो? बाकीच्यांना हात नाय?"

"आबा, हे सायन्स आहे," मी म्हटलं.

त्यांनी तो घास ताटात परत ठेवला. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतल्यावर गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. त्यापायी गावच्या दुकानात त्यांना मीठसुद्धा मिळेना. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते ढोर आणि हे पाखरू मी कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. त्या मीटिंगमधून बाहेर पडताना पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आपणच पंजे पुढे केले याची लाज वाटली.

मग संशय सुरू झाला. वाशीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी उघडली की वाटायचं, माझ्यामुळे. केतकी आज लवकर जेवली, ते का? पाहुणे माझ्याकडे बघून हसले, ते कशाला? मी हात हुंगायला लागले. साबणाचा वास यायचा, तरी पुन्हा हुंगायचे. सगळ्यात वाईट म्हणजे, खरंच माझ्याकडूनच झालं असेल तर? हा संशय सरांनी दिलेला होता. पण आता तो माझ्याच डोक्यात मुक्कामाला होता.

एकदा वाटलं, संशयच घ्यायचा तर नीट घेऊ. रेघ सगळ्यांनी पाहिली. पण ती कुठल्या जंताची, हे कोणी विचारलं का? पाण्याच्या नळीतलं उरलेलं थेंबभर बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये होतं. तिथे मला बंदी नव्हती. माझे नमुने वाचून घ्यायला बाहेर पाठवायचे होते, त्यांच्यासोबत तेही पाठवलं. कोणाला सांगितलं नाही. केतकीलाही नाही. ती वाईट मुलगी नाही, पण सरांसमोर तिच्या पोटात काही राहत नाही.

उत्तर आलं. तो कोंबडीचा जंत होता.

माझ्या टेबलावर कोंबडी कधीच आली नव्हती. तिथे फक्त रानपक्षी. मशीन नीट चालतंय का हे तपासायला ओळखीचा एक जंत लागतो, म्हणून केतकीने चिकनच्या दुकानातून कोंबडीचं आतडं आणलं होतं. जंत तिनेच काढला, डीएनए तिनेच काढला, आतल्या खोलीत. त्याच्या प्रती बाहेरच्या मशीनमध्ये निघायच्या, आणि त्या नळ्या हाताळायचे केतकी आणि सर. त्या जंताची आणि माझी कधी गाठच पडली नव्हती.

मी ते सरांना केबिनमध्ये दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग एकदम मऊ झाले. चहा मागवला. माझ्यासाठीही.

"होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "नळ्या पुन्हा लावू. पाणकावळ्याच्या पेपरात तुझं नाव पहिलं टाकतो. पण हे मीटिंगमध्ये नको."

"मला मीटिंगमध्ये बोललात, सर. तिथेच सांगा, की माझ्याकडून नव्हतं."

"तुम्हा लोकांना लगेच अपमान वाटतो."

"कोणत्या लोकांना, सर?"

ते फोनकडे बघायला लागले. मी चहा तसाच ठेवून उठले.

मीटिंगमध्ये ते बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात केतकी येऊन म्हणाली, "सर म्हणाले, ये आत. टेन्शन नको घेऊ आता." मी आत गेले. पण गपचूप उघडलेलं दार गपचूप बंदही होतं, हे मला आता कळतं. आणि गॅलरीतलं टेबल अजून माझंच होतं. त्यावर कोणी काही बोललंच नव्हतं.

मग नवी पेटी आली. आत दोन पाणकावळे. मी आतल्या खोलीत केतकीशेजारी नळ्या भरत राहिले.

सर दारात आले. "पक्षी आलेत."

"हो सर."

"मग?"

"आज केतकी फाडेल. उद्या तुम्ही. परवा मी. आता पाळीने."

केतकी म्हणाली, "मला नाही जमणार यार, उलटी होईल."

"मलाही झाली होती," मी म्हटलं. "पहिले कितीतरी दिवस. गॅलरीत कोणी नसायचं, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

सर गेले. केतकी खाली मान घालून बसली. गॅलरीत पेटीतला बर्फ वितळून पाणी फरशीवर आलं. दुपारी वास सुटला, मग आतल्या खोलीतही यायला लागला. कोणी उठलं नाही. मीही नाही.

माझ्या पीएचडीवर सही सरांची लागते. माझा जंत दुसऱ्याच कोणाच्या नावावर जाऊ शकतो. वर्षं वाया जाऊ शकतात. हे सगळं मला पुरतं ठाऊक आहे, आणि सरांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी ठरलं आहे. जंत माझा असेल तर पोट फाडण्यापासून नाव देण्यापर्यंत माझा. आणि घाण असेल तर ती सगळ्यांची. यापुढे एकटीने मी एकही मेलेला पक्षी फाडणार नाही.