धुरामागचा तांडेल

जॅबेझ ऑडलिंग समुद्रावर जाताना डोक्यावर काळी गोल टोपी घालायचा. वादळ असो नाहीतर बर्फ पडो, टोपी जागची हलायची नाही, कारण त्याच्या बायकोने, केझायाने, ती हनुवटीखालून नाडीने बांधून दिलेली असायची. इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदराच्या धक्क्यावर लोक एकमेकांना कोपर मारून म्हणत, "तो बघ ऑडलिंग तांडेल. माशांची कुंडली मांडतो म्हणे!" मी त्याच्या बोटीचं इंजिन बरीच वर्षं सांभाळलं. कुंडली राहू द्या, ताटात वाढलेल्या माशाचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे हेही त्या माणसाला बायकोला विचारावं लागलं असतं.

आमची बोट 'हेरॉन', वाफेवर चालणारी. तेव्हा वाफेच्या मच्छीबोटी नव्यानेच निघाल्या होत्या. शिडवाले म्हातारे आम्हाला किटलीवाले म्हणून हिणवायचे. पण वारा पडला की त्यांची शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायची आणि आमची किटली जाळं ओढत निघून जायची. अशी बोट मालक लेगेट साहेबांनी जॅबेझच्या हाती दिली. का, तर हा इसम रविवारी चर्चमध्ये त्यांच्याच मागच्या बाकावर उभा राहून सगळ्यांत मोठ्याने गायचा. सूर नव्हता, पण आवाज होता. मालकांना तेवढं पुरलं.

आता त्याची विद्या सांगतो. सायलस मंबी नावाचा एक तांडेल होता, 'लॅपविंग' बोटीचा. अत्यंत खवचट, कंजूष म्हातारा. खलाशांच्या चहात साखर घालताना त्याचा जीव कासावीस व्हायचा. पण समुद्राचा तळ त्याला परसासारखा ठाऊक होता. दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडायचा, शिशाच्या बुडाला लावलेल्या चरबीत तळाची वाळू चिकटून यायची, ती हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि सांगायचा, इथे टाका. मासळी तिथेच असायची.

जॅबेझने एवढंच केलं, की मंबीचा धूर हुंगला. 'लॅपविंग' बंदरातून बाहेर पडली की थोड्या वेळाने आम्ही निघायचो. जॅबेझ सुकाणूच्या खोलीत दुर्बीण डोळ्याला लावून उभा. क्षितिजावर काळी रेघ दिसली की बोलायच्या नळीतून खाली माझ्या कानात ओरडायचा, "नॅट, वाफ वाढव!" मंबी थांबला की आम्ही थांबायचो. मंबीने जाळं सोडलं की शेजारी आमचंही जाळं. मग वाफेचा रहाट कुरकुरत जाळं वर खेचायचा, जाळ्याच्या टोकाच्या पिशवीची गाठ सुटायची आणि डेकवर कॉड, हॅडॉक, चपटे प्लेस अशा मासळीचा ढीग पडायचा. तेव्हा जॅबेझ वरून म्हणायचा, "सांगितलं नव्हतं? मला हाडांत कळतं!"

शिडाच्या बोटीला धूर नसतो. म्हणूनच शिडांच्या जमान्यात जॅबेझला कुत्रं विचारत नव्हतं. वाफ आली आणि हा सिद्धपुरुष झाला.

एकदा लिलावाच्या वेळी मंबीने त्याला सगळ्यांदेखत गाठलं. "काय रे जॅबेझ, माझं ढुंगण इतकं देखणं आहे का? जाईन तिथे मागे मागे बघत येतोस!"

माणसं खो खो हसली. जॅबेझ म्हणाला, "समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?"

"समुद्र नाही. पण कोळसा माझा आणि धूरही माझा. बघतोच तुला."

आणि त्याने बघितलं. आम्ही सगळे यॉर्कशरचा कोळसा जाळायचो. तो पेटला की आभाळ काळं करतो. वेल्समधून एक महाग कोळसा येतो, तो नीट जाळला तर धूर नावापुरता निघतो. त्या मक्खीचूस म्हाताऱ्याने तो कोळसा भरला. धक्क्यावर कोणाचा विश्वास बसेना. पुढे कळलं, की त्याची भरपाई म्हणून त्याने खलाशांचा मुरंबा बंद केला होता.

त्या फेरीला आम्ही बाहेर पडलो तर क्षितिज धुतल्यासारखं स्वच्छ. जॅबेझ दुर्बीण घेऊन गोल गोल फिरत होता, घाण्याचा बैल फिरतो तसा. "मंबी बुडाला की काय?" असं म्हणताना त्याच्या आवाजात आशा होती आणि भीतीही. दोन दिवस आम्ही वेड्यासारखे भटकलो. एकदाही जाळं टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्यालगत दुधासारखं दाट धुकं पसरलं होतं, आणि दक्षिणेला त्या धुक्याच्या वर एक काळाभोर धूर सरळ उभा होता.

"तोच!" जॅबेझ किंचाळला. "संपला वाटतं त्याचा वेल्सचा कोळसा! नॅट, वाफ!"

आमचा दुय्यम तांडेल एफ्रेम डॅनट, शांत माणूस, पण जिभेला काटा. तो म्हणाला, "तांडेल, धूर जागचा हलत नाही."

"जाळं ओढतोय तो! जाळं ओढताना बोट काय शर्यतीत धावते?"

"शिसं टाकून खोली बघू का?"

"कशाला? मंबी तिथे उभा आहे ना? त्याची बोट तरंगते तिथे आपली तरंगत नाही?"

खाली मला पंपाचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. समुद्राचं पाणी आत ओढणारा पंप दात खाल्ल्यासारखा करकरत होता. मी नळीत ओरडलो, "तांडेल, पंपात वाळू येतेय!"

वरून उत्तर आलं, "मग वाळू चाळ आणि वाफ वाढव!"

थोड्याच वेळात 'हेरॉन' थांबली. आपटली नाही, मोडली नाही. जाडजूड म्हातारी सुस्कारा टाकून गादीवर बसावी तशी वाळूत बसली. ओहोटी लागली होती. पाणी मागे सरत गेलं, धुकं विरलं, आणि मी वर येऊन पाहिलं तर समोर हॉलंड होता. लांबच लांब बांध, बांधामागे शेतातलं पाणी उपसणाऱ्या वाफेच्या पंपाचं घर, आणि त्या घराची विटांची उंच चिमणी. चिमणीतून मंबीचा धूर येत होता.

आचारी तोंडात फडका कोंबून हसत होता. तेवढ्यात उथळ पाण्यातून कोळंबी धरणाऱ्या बायका आमच्याकडे चालत आल्या. घागरे खोचलेले, पाठीला टोपल्या, हातात ढकलजाळी. एवढी मोठी वाफेची मच्छीबोट, आणि त्या बायका तिच्या पोटाला हात लावून बघत होत्या, बाजारात म्हैस चाचपतात तशा. त्यांतली एक थोराड बाई वर बघून काहीतरी बोलली. एफ्रेमला त्यांची भाषा थोडी यायची.

"काय म्हणते?" जॅबेझने विचारलं.

"विचारतेय, कोळंबी घेता का. म्हणते, तुमच्या बोटीत मासळी दिसत नाही."

जॅबेझ लालबुंद झाला. "हे मंबीचं कारस्थान आहे!"

"खरंय, तांडेल," एफ्रेम म्हणाला. "रातोरात येऊन चिमणी बांधून गेला."

आचाऱ्याने तंबाखू देऊन टोपलीभर कोळंबी घेतली. उकडून सगळ्यांनी खाल्ली. तुम्हाला वाटेल, तांडेलाच्या घशाखाली घास उतरला नसेल. त्याने दोनदा मागून घेतली.

भरतीला बोट सुटली आणि आम्ही घरी आलो. दोर बांधायच्या आत आचाऱ्याने सगळं धक्क्यावर सांगून टाकलं. केझाया जाळी विणायच्या कारखान्यात मुकादमीण होती, तोंडाने फटकळ. ती हातातली सुई न ठेवताच आली आणि चारचौघांत म्हणाली, "अहो, चिमणीला विचारलंत तरी का, मासळी कुठे मिळते ते?" त्यानंतर गावात दारूच्या भट्टीची चिमणी धूर सोडायला लागली की पोरंटोरं नाही, चांगली जाणती माणसं ओरडायची, "तांडेल, पळा, मंबी निघाला!"

मालकांनी त्याला काढलं नाही. बोटीला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि रविवारी गायला कोणीतरी हवंच होतं.

पुढच्या फेरीला जॅबेझला स्वतः मासळी शोधायची पाळी आली, आयुष्यात पहिल्यांदा. त्याने काय केलं? आभाळ भरलेलं, सूर्य नाही, किनारा नाही. हा बसून चहा पीत होता. कप रिकामा झाला तेव्हा म्हणाला, "इथे टाका." जाळं वर आलं तेव्हा रहाट रडत होता. परातीएवढे प्लेस, त्यांत गुबगुबीत सोल. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. डेकवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

एफ्रेमने विचारलं, "तांडेल, आपण आहोत तरी कुठे?"

"समुद्रात," जॅबेझ म्हणाला. तेवढंच त्याला माहीत होतं. एफ्रेमने घाईने शिसं टाकलं, तर चरबीला साधी करडी वाळू. तशी वाळू अर्ध्या उत्तर समुद्रात आहे.

ती मासळी लिलावात उतरली आणि गावातल्या शहाण्यांचं डोकं फिरलं. कालपर्यंत चिमणी दाखवणारे आज टोप्या काढायला लागले. आम्ही पुन्हा निघालो तेव्हा मागे धूर, धुरामागे धूर, लग्नाच्या वरातीसारखी बोटींची रांग. एक 'लॅपविंग' तेवढी त्यात नव्हती. जॅबेझ आधी फुगला. मग तासातासाने त्याची हवा कमी होत गेली. दुसऱ्या दिवशी तो शिडी उतरून माझ्या इंजिनाच्या खोलीत आला. पूर्वी कधी आला नव्हता, कपड्यांना डाग पडायचे ना! हत्यारांच्या पेटीवर बसला. तोंड पिठासारखं पांढरं.

"नॅट, ते सगळे माझ्या मागे येतायत."

"तसं वरचे म्हणतात."

"आता मी कुठे जाऊ?"

"मला काय विचारता? माझ्या खोलीला खिडकीसुद्धा नाही."

त्याने हनुवटीखालची नाडी सैल केली. मग हळूच म्हणाला, "मंबीसारखा आपला धूर बंद नाही का होणार?"

"होईल की. त्याला वेल्सचा कोळसा लागतो. आणि मंबी लागतो."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की दुसऱ्या कोणाला कीव आली असती. मी भट्टीचं दार उघडलं आणि आगवाल्याला म्हटलं, "टाक कोळसा."

जॅबेझने सगळी वरात इकडून तिकडे फिरवली. जिथे चहा संपेल तिथे जाळं टाकलं. दगड आले, शिंपले आले, एकदा कुणाचा तरी जुना नांगर आला. मासळीसाठी भरलेला सगळ्यांचा बर्फ वितळला तेव्हा एकेक बोट शिव्या देत माघारी वळली. शिव्या भोंग्याने देता येतात हे मला तेव्हा कळलं. परतल्यावर बाकीच्या मालकांनी लेगेट साहेबांना असं काही सुनावलं, की पुढच्या रविवारी गाण्याचा काही उपयोग झाला नाही. 'हेरॉन' एफ्रेमला मिळाली.

जॅबेझला केझायाने आपल्या कारखान्यात लावून घेतलं. बायका जाळी विणत, हा त्यांच्या लाकडी सुयांवर सुतळी भरून द्यायचा. त्या कामाला एरवी म्हाताऱ्या नाहीतर आजारी माणसं ठेवतात. भरता भरता तो त्या जागेबद्दल सांगायचा, परातीएवढे प्लेस, गुबगुबीत सोल, आणि पहिल्यापासून कसं हाडांत कळत होतं. बायका हूं हूं करायच्या. केझाया म्हणायची, "हाडं राहू द्या, सुया भरा."

एकदा मी जाळं आणायला तिथे गेलो. त्याने मला कोपऱ्यात ओढलं.

"एफ्रेमला ती जागा सापडली का रे?"

"नाही."

"मंबीला?"

"नाही. त्यालाही नाही."

त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला तो चर्चमध्येही मी कधी पाहिला नव्हता. "सापडायची नाही," तो म्हणाला. "ती माझी होती." आणि त्या आनंदात त्याने हातातल्या सुईवर सुतळी उलटी गुंडाळली. केझायाने ती त्याच्या हातातून हिसकून घेतली आणि बसली उलगडत.